मासळीच्या बर्फात ठेवलेली हार्ड डिस्क

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि मित्रांनो, तुमच्याशी गोड बोलायची माझी मुळीच इच्छा नाही. कॉम्प्युटर म्हटलं की तुम्हाला पडदा आठवतो, कीबोर्ड आठवतो, फार तर माउस. ज्या डब्यात मी बसलेली असते तो तुम्ही टेबलाखाली ढकलता आणि वर खुशाल पाय ठेवता. तुमचे फोटो, अर्ज, दाखले, गाणी सगळं माझ्या पोटात असतं. माझी आठवण मात्र तुम्हाला मी बंद पडल्यावरच होते, आणि तेव्हाही तुम्ही मला शिव्याच देता. तेव्हा ही हकिकत मी माझं मन मोकळं करण्यासाठी सांगते आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही.

माझा जन्म दूरदेशी एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कण दिसला तरी काम थांबायचं. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायची. त्यांनी माझ्या पोटात दोन गुळगुळीत तबकड्या बसवल्या आणि त्यांच्यावरून फिरायला बारीक हात दिले. मी चालू झाले की तबकड्या मिनिटाला सात हजारांवर फेरे घेतात, आणि ते हात त्यांना न शिवता, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावरून लिहितात, वाचतात. हात तबकडीला टेकले की माझं भरलं. एका बाईने मला शेवटचं तपासलं आणि मऊ कागदात गुंडाळलं. त्यानंतर मला तसं कोणी उचललं नाही.

भंडाऱ्याच्या एका दुकानात मला काळ्या डब्यात कसलं आणि तुमसर तालुक्यात, बपेऱ्याच्या अलीकडच्या एका गावात पाठवलं. तिथे मच्छीमारांची संस्था होती. तिचं ऑफिस म्हणजे तलावाच्या पाळीखालची, म्हणजे बांधाखालची, एक खोली. अर्ध्या खोलीत ओली जाळी टांगलेली आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत मी. कारखान्यात धुळीचा कण चालत नव्हता, इथे माझ्या डब्यावर कोणीतरी खवले लागलेले हात पुसायचं. दसऱ्याला जाळ्यांची पूजा व्हायची तेव्हा माझ्याही डब्याला हळदकुंकू लावायचे. ते कुंकू पंख्याच्या जाळीतून आत जायचं. वर्षभर फडकं मारायचं नाही आणि एक दिवस पूजा करायची, हा कुठला न्याय, हे मला अजून कळलेलं नाही.

कॉम्प्युटर चालवायची रंजू. ती मूळची भंडाऱ्याजवळच्या, हायवेवरच्या शहापूरची. बारावी झालेली, भंडाऱ्याला कॉम्प्युटरचा क्लास केलेली, आणि तलाव म्हटला की घाबरणारी. ढिवरांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या, घरात सून होऊन आली तरी पाण्यात पाय टाकायची नाही. तिचा नवरा मोरेश्वर सगळ्या गावात उत्तम जाळं फेकणारा. दोन वर्षांपूर्वी तो तापाने गेला. त्याचा एकच व्हिडिओ होता, तीन मिनिटांचा, रंजूनेच पाळीवरून काढलेला. ज्या फोनवर काढला तो पुढे तलावात पडला. व्हिडिओ त्याआधीच माझ्यात उतरवला होता म्हणून वाचला. ‘घर’ नावाच्या फोल्डरमध्ये तो एकटाच असायचा.

नवरा गेल्यावर रंजूला कळलं की संस्थेत त्याच्या जागी तिचं नाव लागणार नाही. तिचं काय, कोणत्याच बाईचं नाव तिथे नव्हतं. गावातल्या तेवीस बाया पहाटेपासून कमरभर पाण्यात हातजाळी घेऊन झिंगे धरत, पण सभासद सगळे पुरुष. विचारलं की उत्तर ठरलेलं, प्रत्यक्ष मासेमारी करतो त्यालाच सभासद होता येतं, बाया मासेमारी करतात याला पुरावा काय? तेव्हा रंजूने पुरावा गोळा करायला घेतला. दोन वर्षं ती रोज सकाळी तलावावर जायची, पाण्यातल्या बायांचे दोन-तीन फोटो काढायची आणि ऑफिसात येऊन तारीखवार माझ्यात भरायची. फोल्डरचं नाव ‘बाया’. फोन भरला की रिकामा करायची. दुसरी प्रत ठेवावी हे तिला ठाऊक होतं, तिने एक पेनड्राइव्हही आणला होता. तो तिच्या दिराने, विक्कीने, एका लग्नाच्या वरातीची गाणी भरायला रिकामा केला. त्यानंतर तिने दुसरा आणला नाही. मित्रांनो, विक्की नालायक होता हे खरं, पण ही चूक रंजूची होती आणि ती मी तिला माफ केलेली नाही.

हा विक्की संस्थेचा सचिव. बायांच्या अर्जावर तुमसरच्या सहकार खात्याच्या साहेबांपुढे सोमवारी सुनावणी ठरली, त्याआधीच्या गुरुवारी सकाळी तो ऑफिसात आला. मी चालू होते. रंजू फोटो तारखेप्रमाणे लावत होती.

“हा कॉम्प्युटर संस्थेचा होय का तुया घरचा?” विक्की दारातूनच ओरडला. “रोज बायायचे फोटो भरून राहिली.”

“बाया का तलावात आंघोळीले जातेत? मासे धरतेत त्या. तेच दाखवून राहिली मी,” रंजू मान वर न करता म्हणाली.

“अन् त्या सभासद झाल्या तं आमी काय कराव? घरी चूल फुकाव?”

“फुका. जमते तं.”

विक्कीने स्टुलाला लाथ मारली. त्या स्टुलावर माझा डबा होता. डबा फरशीवर आडवा पडला आणि माझे हात फिरत्या तबकडीवर आपटले. तुम्हाला कल्पना यावी म्हणून सांगते, मरण मला त्या क्षणी आलं असतं तर बरं झालं असतं. मी अर्धवट जिवंत राहिले. आतून टक-टक, टक-टक असा आवाज येऊ लागला आणि पडदा काळा झाला.

विक्की चपापला, पण क्षणभरच. मग तो बाहेर गेला आणि दुपारपर्यंत गावभर सांगून मोकळा झाला की वहिनीने कॉम्प्युटर जाळला. इकडे रंजूने काय करावं? बंद करून स्वस्थ बसावं. तिने मला पुन्हा चालू केलं. टक-टक. पुन्हा बंद, पुन्हा चालू. सतरा वेळा. दर वेळी माझा दुखावलेला हात तबकडीवर थोडं थोडं खरडत होता. माणूस घाबरला की तीच तीच चूक करत बसतो, आणि तिचं मोल भरतं कोण, तर आम्ही.

तोवर बाया जमल्या. मंदाबाई सगळ्यांत पुढे. “दोन वर्षं फोटोले उभं केलं आमाले, काम सोडून! अन् आता म्हणतं का सगळं गेलं? सांभाळता येत नोयतं तं घेतलं कायले?” तेवीसही जणी बोलल्या, आणि एकीनेही तिला पाणी विचारलं नाही.

शेवटी तिने वरठीच्या तृप्तीला फोन लावला. तृप्ती तिच्याच क्लासमधली. वरठी स्टेशनजवळ तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सतरा वेळा चालू केलं हे ऐकून तृप्ती फोनमध्ये कडाडली, “डोकं ठिकाणावर आहे का तुयं? आता हात नोको लावू तिले. डब्यातून काढ, कोरड्या पिशवीत टाक अन् उद्या सकाळी घेऊन ये. उघडू नोको, हलवू नोको, काही करू नोको.”

रंजूने माझे स्क्रू काढले आणि मला घरी नेऊन फडताळावर ठेवलं. मी अजून चांगलीच तापलेली होते. रंजू शेणपाण्याला मागे गेली तेवढ्यात तिची सासू सखाबाई, रंजू तिला मामी म्हणायची, तिथे आली. तेवीस बायांत तीही होती, सगळ्यांत म्हातारी. मोरेश्वर तिचा थोरला, विक्की धाकटा. थोरला गेल्यापासून तिने रंजूशी एक सरळ वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तिने मला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

“बाई वो, किती तापलं हे,” ती स्वतःशीच म्हणाली.

सखाबाईचा सारा जन्म एकाच रीतीत गेला होता. जे टिकवायचं, ते बर्फात. मासळी असो, कोणाचं औषधाचं इंजेक्शन असो, तिच्या थर्माकोलच्या पेटीत सगळ्याला जागा होती. तिच्या पोराचा व्हिडिओ माझ्यात आहे हे तिला ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला मासे बांधून द्यावेत तसं तिने मला एका पातळ पिशवीत घातलं, गाठ मारली आणि रोहूच्या दोन तुकड्यांमध्ये, बर्फात दाबून ठेवलं. त्यात वाईट हेतू नव्हता हे मी मान्य करते. पण माझ्या झाकणाला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं. पिशवीची गाठ सुटली, बर्फ वितळलं आणि रात्रभर मी मासळीच्या पाण्यात पडून राहिले. चांगल्या हेतूने माझे जितके हाल झाले तितके लाथेनेही झाले नसतील.

सकाळी मला शोधत रंजूने पेटी उघडली आणि ती ओरडली. शेजारपाजार गोळा झाला. “मामी, मशीन होय ते! मासोळी नोहोय! दुश्मनी काढाची होती तं मायावर काढाची होती!”

“माया पोराचा व्हिडिओ हाये त्याच्यात,” सखाबाईनेही आवाज चढवला. “तू त्याले मारून टाकून राहिली होती. मी वाचवाले पायलं. अन् आता मी बी येतो संगं. तुयावर माया भरोसा नाई.”

अशा या दोघी तुमसरहून रेल्वेगाडीने वरठीला आल्या. बाकावर शेजारी बसल्या, पण तोंडं दोन दिशांना. मी पिशवीत होते आणि डब्यातले लोक नाकाला रुमाल लावून पिशवीकडे बघत होते. एका बाईने तर मासे केवढ्याला दिले म्हणून विचारलं.

तृप्तीने पिशवी उघडली आणि तोंड फिरवलं. मग मला चिमट्याने उचलून म्हणाली, “हिले दवाखान्यात आणलं का बाजारात?” कोणी हसलं नाही. तिने मला वरून पुसलं आणि ओल खेचणाऱ्या पुड्यांच्या एका बंद डब्यात ठेवून दिलं. “आज काहीच नाही. ओली असताना करंट दिला तं संपलं. उद्या या.” सखाबाई अडून बसली तर तृप्तीने सरळ सांगितलं, “मावशी, वाळल्याशिवाय नाही म्हणजे नाही.” दोघी शहापूरला रंजूच्या माहेरी राहिल्या. तिथेही त्या एका ताटाला बसल्या नसतील, हे मी न बघता सांगते.

शनिवारी तृप्तीने मला बाहेर काढलं. तिने मला एकदम वीज दिली नाही. आधी भिंग घेऊन पाठीवरचं हिरवं सर्किट तपासलं, काही जळलेलं नव्हतं. मग ते सोडवलं. जिथे ते माझ्या पोटाला टेकतं ते ठिपके ओलीने काळे पडले होते. तिने शाळेतला खोडरबर घेऊन ते हळूहळू घासून चकचकीत केले. नवी वायर लावली, वीज दिली, आणि पडद्याकडे न बघता माझ्या अंगाजवळ कान आणला. इतक्या वर्षांत माझं कोणी ऐकून घेतलं असेल तर तिने. मी तीनदा टक-टक केलं आणि कशीबशी फिरू लागले.

“चालू असताना धक्का बसला हिले,” तृप्ती म्हणाली. “पडली का?”

रंजूने सासूकडे बघितलं. सखाबाईने नजर दुसरीकडे वळवली. गुरुवारी सकाळी ती ऑफिसच्या दारासमोरच्या पाळीवर झिंगे निवडत बसली होती आणि लाथेचा आवाज तिने ऐकला होता, हे मला माहीत होतं.

“ऐका,” तृप्ती म्हणाली. “आतला एक हात लंगडा झाला आहे. ही आता फिरून राहिली आहे तेवढंच. पाच मिनिटं फिरेल का तासभर, मी नाही सांगू शकत. एकदा थांबली की परत नाही. मी माझ्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतो. आधी काय घेऊ?”

माझ्यात दोनच मोलाची फोल्डरं होती. ‘घर’ आणि ‘बाया’.

“बाया,” रंजू म्हणाली.

“काय बोलली तू?” सखाबाई उठून उभी राहिली. “माया पोरगा मांगं? तुया नवरा होता ना तो! फोटो त्या मंदीचे पायजे तुले, अन् तो नाई पायजे?”

“मामी, सोमवारी सुनावणी हाये.”

“जळो तुयी सुनावणी! तीन मिनिटाचा तं हाये तो. आधी तो घे वो बाई.”

तृप्तीने हात वर केला. “व्हिडिओ एकच असला तरी मोठा आहे, अन् नेमका खरडलेल्या जागी आहे. तिकडे गेली तं ही तिथंच मरू शकते. भांडायचं तं बाहेर जाऊन भांडा.”

सखाबाईने रंजूकडे बघितलं. रंजूने परत एकदा म्हटलं, “बाया,” आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. सखाबाईला ते दिसलं, तरी ती जागची हलली नाही.

मित्रांनो, खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं की काहीच देऊ नये. लाथ मारणारे हे, बर्फात घालणारे हे, सतरा वेळा छळणारेही हेच. यांचं भलं मी कशासाठी करू? पण तृप्तीची बोटं घाईत नव्हती. ती चांगल्या जागा आधी वाचत होती, वाईट जागा ओलांडत होती, आणि माझा आवाज बदलला की मला दम खाऊ देत होती. मी तिच्यासाठी फिरले, दुसऱ्या कोणासाठीही नाही. पन्नास मिनिटांत ‘बाया’ फोल्डरमधले एकोणीसशे फोटो गेले. शेवटी थोडे बिघडले, बाकीचे स्वच्छ उतरले. मग ती ‘घर’कडे वळली. मी जोर लावला. टक-टक सुरू झालं. चार सेकंदांचा व्हिडिओ गेला आणि मी थांबले. तृप्तीने आणखी दोनदा प्रयत्न केला, मग वीज काढून घेतली.

ते चार सेकंद तिने रंजूच्या फोनमध्ये उतरवून दिले. पडद्यावर मोरेश्वर गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने पाळीकडे मान वळवली आणि म्हणाला, “माय, जाळं धर वो.” एवढंच. सखाबाईने फोन रंजूच्या हातातून घेतला आणि तुमसर येईपर्यंत दिला नाही.

सोमवारच्या सुनावणीला रंजूने मलाही पिशवीत नेलं होतं. फोटो का उशिरा आले, कोणी विचारलंच तर दाखवायला म्हणून. साहेबांनी तारखा बघितल्या, चेहरे बघितले, बायांना एकेक करून उभं केलं. विक्की म्हणाला की फोटोला कोणीही पाण्यात उभं राहतं. साहेबांनी त्याला श्रावणातले फोटो दाखवले, मग पौषातले, मग पुन्हा पुढच्या वर्षीच्या श्रावणातले, आणि विचारलं, “दोन वर्षं कोण उभं राहतं हो?” तेवीस नावं लिहिली गेली. रंजूचं नाव त्यांत नव्हतं, कारण ती एकाही फोटोत नव्हती. साहेब वही मिटत होते.

“अन् हे फोटो कोनं काढले?” सखाबाई जागेवरूनच कडाडली. साहेब दचकले. “आमची तोंडं तलावाकडं हायेत सगळ्या फोटोत. मंग काढनारी कुठं उभी होती? पाळीवर? कमरभर पान्यात उभी होती ते, रोज, अन् मंग आमच्यासंगं जाळं बी धरे. मले आवडत नाई ते बाई, पर खोटं कायले बोलू?”

साहेबांनी दोन-चार फोटो पुन्हा बघितले आणि वही उघडली. चोविसावं नाव रंजूचं. विक्की तरातरा बाहेर निघून गेला. मंदाबाईने रंजूचा हात धरला, तो रंजूने सोडवून घेतला. सखाबाई परतीच्या वाटेवर तिच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि आजही बोलत नाही. धाकट्याला मात्र ती आता स्वतःच्या हाताने वाढत नाही. कारण तिने कोणाला सांगितलेलं नाही.

मी आता त्यांच्या घरात फडताळावर पडून आहे. रोज संध्याकाळी सखाबाई रंजूचा फोन मागते, म्हणजे ओढूनच घेते, आणि दारात बसून ते चार सेकंद लावते. माय, जाळं धर वो. माय, जाळं धर वो. मागे भांडी घासणाऱ्या रंजूला ते ऐकू येतं. ती हाक तिच्यासाठी नाही.

आणि आता सांगते ते नीट ऐका. उरलेली दोन मिनिटं छप्पन्न सेकंद माझ्या तबकडीवर अजून आहेत. सातव्या सेकंदाला मोरेश्वर आईकडून मान वळवतो, व्हिडिओ काढणारीकडे बघून हसतो आणि म्हणतो, “रंजू, तू बी ये नं पान्यात. मी हावो ना, कायले भेऊन राहिली?” पुढचा सगळा वेळ तो तिच्याशीच बोलतो आहे. ते अजून माझ्यात आहे हे तिला सांगायला मला तोंड नाही, आणि ते बाहेर काढायला माझ्यात हात उरलेला नाही.

म्हणून मित्रांनो, मला हळदकुंकू नको आणि तुमची कीवही नको. तुमचं जे एकच आहे ते आजच्या आज उठून दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा. माझ्या एकटीच्या भरवशावर तुमचं माणूस ठेवू नका.